तपासणीचे दफ्तर

कागद जपून ठेवण्याची हौस सदाशिव पेठेइतकी दुसऱ्या कुठल्या वस्तीला असेल असे मला वाटत नाही. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 साली स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत उभे राहिले, हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही. कारण वाडे पडून त्यांच्या जागी सदनिका आल्या, तरी बहुतेक बिऱ्हाडांत एक कपाट अजून दस्तऐवजांसाठी राखलेले असते, आणि खरेदीखते, वारसनोंदी, पासबुके व मुलांची प्रगतिपुस्तके यांच्या शेजारी अलीकडे त्यात एका नव्या दफ्तराची भर पडली आहे. ते दफ्तर म्हणजे तपासण्यांची फाइल. पेरूगेटाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपली अशी फाइल मला मोठ्या अगत्याने दाखविली. तारीखवार लावलेल्या त्या कागदांत ‘फुल बॉडी चेकअप’चे वार्षिक अहवाल होते, मॅमोग्राफीच्या फिल्मा होत्या, गळ्याची सोनोग्राफी होती, आणि अंडाशयाच्या कर्करोगाची शंका निरसावी म्हणून न चुकता केलेल्या सीए-125 या रक्तचाचणीचे आकडे होते. ज्या तपासणीचा उपयोग सर्वांत भक्कम पुराव्याने सिद्ध झालेला आहे, त्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा मात्र एकही कागद तीत नव्हता. “पॅकेजमध्ये नव्हती हो ती,” बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी आंबिल ओढ्यापलीकडे दांडेकर पुलाच्या वसाहतीत राहतात. त्यांच्या नावे फाइलच नाही.

देशोदेशींच्या कर्करोग-तपासणीची तुलना करू लागले की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस प्रथम यंत्रांची चौकशी करतो : त्यांच्याकडे कोणती मशीन आहेत, ती किती किमतीची, आणि आपल्याकडे कधी येणार. रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वी, धडधाकट माणसांना बोलावून करावयाच्या या पूर्वतपासणीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर यशापयशाचा निवाडा यंत्राच्या खोलीत क्वचितच झाला, तो कारकुनाच्या टेबलावर झाला, असे दिसून येते. तपासायचे कोणाला याची यादी कोणाकडे आहे, यादीतल्या माणसाला बोलावणे कोण धाडतो, तो न आल्यास पुन्हा कोण विचारतो, आणि तपासणीत काही निघाले तर उपचार पुरे होईपर्यंत त्याचा पाठपुरावा कोण करतो, हे चार प्रश्न ज्या देशाने आधी सोडविले त्याला साधी काचपट्टीही पुरली. ज्याने सोडविले नाहीत त्याला महागडी यंत्रेही उणी पडली.

याचा उत्तम दाखला स्कँडिनेव्हियाच्या शेजारी देशांनी घालून दिला आहे. पापानिकोलाऊ या ग्रीक वैद्याने अमेरिकेत राहून 1943 साली ग्रंथरूपाने मांडलेली ‘पॅप’ चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर पसरायच्या व सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, ही सर्व देशांत सारखीच पोहोचली होती. फिनलंडने 1963 पासून लोकसंख्येच्या सरकारी नोंदवहीतून नावे काढून, ठिकाण, वार व वेळ घालून, प्रत्येक स्त्रीला तिच्या नावाने पत्र धाडायचा शिरस्ता पाडला. पुढे आइसलंडने व स्वीडननेही असेच केले. नॉर्वेत मात्र हे काम ज्या त्या डॉक्टरच्या व बाईच्या मर्जीवर राहिले. नॉर्वेत चाचण्या कमी झाल्या असे नव्हे, त्या भरपूर झाल्या. पण त्याच त्या बायकांच्या पुन्हा पुन्हा झाल्या. 1965 ते 1982 या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आइसलंडमध्ये 80 टक्क्यांनी, फिनलंडमध्ये 50 टक्क्यांनी व स्वीडनमध्ये 34 टक्क्यांनी उतरले, आणि नॉर्वेत अवघे 10 टक्क्यांनी. हवामान सारखे, संपत्ती सारखी, चाचणी तीच. तफावत होती ती पत्राची.

इंग्लंडलाही हा धडा उशिरा मिळाला. तिथे पॅप चाचणी साठीच्या दशकापासून उपलब्ध असून मृत्यूंच्या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता. 1988 साली संगणकावर नावे चढवून नियमित बोलावण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्या वर्षी 42 टक्के असलेले तपासलेल्या स्त्रियांचे प्रमाण 1994 पर्यंत 85 टक्क्यांवर गेले. पेठेतल्या किती तरी घरांतल्या मुली आज तिकडे संसार करीत आहेत. त्यांपैकी एकीची आई मला सांगत होती की, मुलीला पंचवीस पुरी होण्याच्या आधीच ‘सरकारचं पाकीट’ आले, तेव्हा कोणी तरी चहाडी केली की काय असे वाटून घरात आधी घबराट उडाली. ओळख ना पाळख, अशा सरकारने आपल्या मुलीच्या गर्भाशयाची विचारपूस करावी हे आईला चमत्कारिक वाटले यात नवल नाही. दक्षिण आशियातून गेलेल्या स्त्रिया त्या पाकिटाला प्रतिसाद कमी देतात असा तिथल्या आरोग्यखात्याचाही अनुभव आहे. ऑस्ट्रेलियात तर आता नमुना घ्यायला डॉक्टरचीही गरज उरलेली नाही. 2022 पासून तिथे कोणत्याही पात्र स्त्रीला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. अमेरिकेत याउलट सारे विमा, डॉक्टर आणि स्वतःची जागरूकता यांवर अवलंबून : सल्ला देणारी नामांकित मंडळे आहेत, पण साऱ्या राष्ट्राला बोलावणे धाडणारे कार्यालय नाही. आपली पेठ, खरे पाहता, अमेरिकी पद्धतीनेच चालली आहे.

परंतु या विषयातला जगाच्या उपयोगी पडलेला एक फार मोठा प्रयोग फिनलंडात झाला नाही की अमेरिकेत झाला नाही. तो पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर, ज्वारीच्या मुलखात झाला, आणि त्याची माहिती पुण्यातल्या डॉक्टरांच्या बाहेर फारशी कोणाला नाही याचा मला खेद वाटतो. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. भ. म. नेने यांच्या पुढाकाराने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने 1987 मध्ये बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील 346 गावांची कर्करोग-नोंदवही उघडण्यात आली. मुंबईची नोंदवही भारतीय कर्करोग संस्थेने 1963 सालीच सुरू केली होती, पण शहरात इस्पितळांचे कागद चाळले की काम भागते. खेड्यात रोगी इस्पितळापर्यंत येतच नाही, म्हणून नोंदणारालाच गावोगाव हिंडून चावडीवर, पारावर, दाराशी चौकशी करावी लागते. त्या चौकशीतून दिसले ते विषण्ण करणारे होते. बाईच्या अंगावरून महिनोन्महिने जात असे, ती कोणाला बोलत नसे, आणि ती बोले तेव्हा गाडी बार्शीच्या पुढे गेलेली असे. नोंद करायला आलेल्या माणसांनी मग जाता जाता या लक्षणांविषयी सांगायला सुरुवात केली, आणि एवढ्यानेच बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, असे पुढच्या पाहणीत आढळले. यंत्र नाही, औषध नाही. वही घेऊन दाराशी आलेला माणूस, एवढाच काय तो उपाय.

या वहीच्या पायावर ऑक्टोबर 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात प्रयोग उभा राहिला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था (तिच्या वतीने डॉ. शंकरनारायणन), टाटा केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून 52 गावसमूहांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांची यादी केली, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्या समूहांचे चार भाग पाडले. एका भागात पॅप चाचणी; दुसऱ्यात सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्यवहारातले व्हिनेगारच, गर्भाशयमुखाला लावून मिनिटभराने कुठे पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी पाहणे; तिसऱ्यात या रोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा प्रयोगशाळेत शोध; आणि चौथ्या भागात तपासणी नाही, केवळ नेहमीची व्यवस्था. पडद्याआड डोक्यावरचा पदर सावरीत, सासूला बाहेर बसवून, ज्या बायका आयुष्यात पहिल्यांदा अशा टेबलावर झोपल्या त्यांचे प्रमाण, बोलावलेल्यांपैकी 80 टक्क्यांच्या आसपास होते. इंग्लंडने संगणकाच्या बळावर गाठलेल्या मजलेच्या किंचितच अलीकडे.

एकदाच तपासणी करून आठ वर्षे वाट पाहण्यात आली. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसले की, विषाणूचा शोध घेतलेल्या 34,126 स्त्रियांत या रोगाने 34 मृत्यू झाले होते. काहीच न तपासलेल्या 31,488 स्त्रियांत 64. पॅप आणि व्हिनेगार या दोन्ही गटांत मृत्यूंची घट सिद्ध म्हणता येईल इतकी झाली नाही. ज्यांच्यात विषाणू नाही असे ठरले त्या जवळजवळ निर्धास्त राहिल्या. पॅप किंवा व्हिनेगारने ‘ठीक’ ठरविलेल्यांत मात्र पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण त्यांच्या चौपटीहून अधिक निघाले. डोळा थकतो, काचपट्टी वाचणारा चुकतो. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बोलावणे शक्य असेल तर ती चूक सुधारता येते, पण आयुष्यात एकदाच गाठ पडणार असेल तर चाचणी अचूक हवी, हा उस्मानाबादचा सिद्धांत जगाने उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये विषाणूच्या चाचणीला अग्रक्रम दिला, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकांचा वाटा मोठा आहे.

व्हिनेगाराची बाजू मुंबईने सावरली. 1998 पासून टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्र आदींनी झोपडवस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांना दोन गटांत विभागून, एका गटाची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी केली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रिया. मृत्यू 31 टक्क्यांनी उतरले. माफक शिक्षण झालेल्या स्त्रियांच्या हाती आरोग्याचे काम सोपविण्याची कल्पना पुण्याला नवी नसावी. 1909 साली स्थापन झालेल्या रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवांतून व परित्यक्तांतून परिचारिका घडविल्या, तेव्हाही शहाण्यासुरत्या लोकांनी नाके मुरडली होती. याच मुंबईच्या प्रयोगात हातांनी स्तन तपासण्याचीही परीक्षा झाली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये असे निघाले की, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात तसा लाभ दिसला नाही. मॅमोग्राफीवर जन्मभर पैसे ओतणाऱ्या देशांनाही हा आकडा विचारात पाडणारा आहे.

या प्रयोगांवर एक डाग आहे आणि तो झाकून चालणार नाही. चाचण्या उपयोगी पडतात हे पश्चिमेत दशकांपूर्वी ठरलेले असताना, लाखावर बायकांना काहीच न तपासता मरणाची मोजदाद करीत राहणे न्याय्य होते काय? अमेरिकेतून पैसा आलेल्या मुंबईच्या प्रयोगाविरुद्ध तक्रार थेट अमेरिकी सरकारच्या दरबारी गेली आणि संमती घेताना दिलेल्या माहितीच्या अपुरेपणावर बोट ठेवले गेले. संशोधकांचे म्हणणे असे की, भारतात प्रचलित व्यवस्था म्हणजेच ‘काही नाही’, तेव्हा तुलना तिच्याशीच करणे भाग होते. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे. पण त्याचा खरा रोख संशोधकांवर नसून त्या ‘काही नाही’वर आहे, आणि ते 64 मृत्यू ज्यांच्या खाती मांडायला हवेत ते कोणत्याच चौकशीत हजर झाले नाहीत.

कारण प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट खुद्द उस्मानाबाद जिल्ह्यालाही शिरस्ता म्हणून लाभली नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी असे ठरविले, आणि खर्चाच्या कारणास्तव चाचणी निवडली ती व्हिनेगाराची, म्हणजे वारंवार केली तरच उपयोगी पडणारी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के, स्तन आणि तोंड यांच्या बाबतीत तर शेकड्याला एकही भरली नाही.

अतितपासणीचाही एक इतिहास आहे, आणि तो पेरूगेटाजवळच्या त्या फाइलच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. दक्षिण कोरियाने 1999 पासून कर्करोग-तपासणीची सरकारी योजना मोठ्या शिस्तीने चालविली; तीत गळ्यातल्या थायरॉइडची तपासणी नव्हती, पण इस्पितळांनी थोड्याशा जादा पैशांत ती सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. 2011 पर्यंत तिथे थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान 1993 च्या पंधरा पटींवर गेले, त्या एका वर्षात चाळीस हजारांवर माणसांना हा रोग असल्याचे सांगण्यात आले, बहुतेकांच्या ग्रंथी कापल्या गेल्या, आणि मृत्यूंचा आकडा होता तिथेच राहिला. गाठ खरी होती, रोगही नावापुरता खरा होता. तो त्या माणसाला जन्मात त्रास देणार नव्हता एवढेच. जपानने सहा महिन्यांच्या प्रत्येक बालकाच्या लघवीतून एका दुर्मीळ गाठीचा शोध घेण्याची योजना 1980 च्या दशकात देशभर चालविली, आणि तिच्यामुळे मुले वाचत नाहीत, उलट आपोआप विरणाऱ्या गाठींवर शस्त्रक्रिया होतात हे कळल्यावर सुमारे वीस वर्षांनी ती बंद केली. चालू सरकारी योजना बंद करण्याचे धैर्य कोणत्याही राज्यव्यवस्थेत दुर्मीळ असते, म्हणून जपानचे मला विशेष कौतुक वाटते. त्याच जपानने जठराच्या कर्करोगासाठी 1960 पासून गाड्या फिरविल्या, कारण तो त्यांच्या मातीतला रोग. आपल्याकडे त्या गाड्यांना काम नाही.

मॅमोग्राफीचा हिशेब ब्रिटनमध्ये सर मायकेल मार्मट यांच्या समितीने 2012 मध्ये उघडपणे मांडला : पन्नाशीच्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षे बोलावले तर 43 मृत्यू टळतात, आणि 129 जणींना, एरवी कधी कळलाही नसता अशा कर्करोगाचा उपचार सोसावा लागतो. हा सौदा पत्करावा की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावे, पण ठरविण्याआधी तिला दोन्ही रकमा दिसायला हव्यात. आपल्याकडच्या महिलादिनाच्या सवलतपत्रकांवर पहिली रक्कमही नसते, दुसरी तर नाहीच. सीए-125 ची गोष्ट त्याहून वाईट : ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर झालेल्या आणि 2021 मध्ये निकाल लागलेल्या परीक्षेत या चाचणीने अंडाशयाच्या कर्करोगाचा एकही मृत्यू टळल्याचे सिद्ध करता आले नाही. तरी पॅकेजात ती असते. तिला थोडेसे रक्त पुरते, आणि गर्भाशयमुखाला पडदा, टेबल, दिवा व शिकलेली बाई लागते. मी हे शिक्षिकाबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून विचारले, “म्हणजे आठ वर्षं मी काय केलं?” याचे सभ्य उत्तर मला सुचले नाही.

दांडेकर पुलाच्या वसाहतीत आरोग्य-स्वयंसेविका आशाताई येतात तेव्हा त्यांच्या हाती छापील तक्ता असतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घराण्यातला रोग, अशा प्रश्नांना गुण द्यायचे. बेरीज चाराच्या वर गेली तर तपासणीला आधी धाडायचे. खाली लक्षणांची यादी असते. पोळ्यावाल्या मावशींच्या दारातला संवाद मी ऐकला तो असा :

“मावशी, मशेरी लावता?”

“दात घासायपुरती, ताई.”

“दिवसातनं किती वेळा घासता?”

“सकाळी, दुपारी… आन् रात्री झोपताना. डोकं धरतं हो नाय तर.”

आशाताईंनी हसून खूण केली. तोंडात पंधरा दिवसांहून जुना फोड, छातीत गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, या प्रश्नांवर मावशींनी तीनदा मान हलविली, आणि ‘दवाखान्यात तपासून या’ एवढ्यावर प्रकरण संपले. पालिकेच्या दवाखान्याची वेळ सकाळची. मावशींची त्या वेळी पेठेत चार घरी पोळ्यांची वेळ. त्या गेल्या नाहीत, आणि त्या गेल्या नाहीत हे कोणत्याही वहीत आले नाही. तोंडाच्या बाबतीत तर यंत्राचेही निमित्त नाही : तिरुवनंतपुरमला नुसते तोंड उघडायला सांगून पाहण्याने तंबाखू व दारूचे सेवन करणाऱ्यांतले मृत्यू 34 टक्क्यांनी घटल्याचे 2005 मध्येच दिसून आले आहे. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मशेरी भाजली जाते घरच्या तव्यावर, तिथे हुकूमनामा पोहोचत नाही.

माणसे सापडत नाहीत ही सबब मात्र मी मान्य करणार नाही. मिळकतकराचे बिल पुण्यात दर साल घरोघर पोहोचते, थकले तर व्याजासह नोटीस येते, आणि मतदारयादीत तर दांडेकर पुलाच्या वसाहतीतली घरेही क्रमांकानिशी असतात. जागतिक आरोग्य संघटनेचे मागणे माफक आहे : पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळीसच्या आत पुन्हा एकदा, विषाणूची चाचणी. आयुष्यात दोन नोटिसा.

तशी वही आपल्याकडे चालू शकते याचा पुरावाही पुण्यातच आहे. सप्टेंबर 2009 मध्ये पुणे व बार्शीसह देशातल्या नऊ केंद्रांत दहा ते अठरा वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देऊन, दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. पुढच्या एप्रिलात, आंध्र व गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसयोजनेवरून वादळ उठले आणि सरकारने साऱ्याच अभ्यासांतली लसटोचणी थांबविली. त्यामुळे कोणाला तीन, कोणाला दोन, आणि 4,949 मुलींना एकच मात्रा मिळून काम अडकले. संशोधकांनी वही मात्र मिटली नाही. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींचाही माग काढीत त्यांनी दहा वर्षे नमुने गोळा केले, आणि 2021 मध्ये दिसले की एकाच मात्रेचे संरक्षण 95 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे तीन मात्रांच्या तोडीचे आहे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला संमती दिली, तीत या अडखळलेल्या अभ्यासाचा मोठा आधार होता. त्याच वर्षी हडपसरच्या सीरम संस्थेच्या देशी लशीला परवाना मिळाला. त्या मुली आता पंचविशी ओलांडलेल्या बायका आहेत. त्यांच्यातल्या विवाहितांना वयाच्या पंचविशीनंतर गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी बोलावण्याची तरतूद अभ्यासातच केलेली होती, नाव, गाव आणि तारीख घालून.